‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे



मागच्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात गटाच्या मिटिंगला गेले होते. बचत गोळा झाली, इतिवृत्त लिहून झालं, सगळ्याजणी उठायला लागल्या आणि एका ताईंनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यांचा सिबिलचा रिपोर्ट. शिलाईच्या दुकानासाठी बँकेत कर्ज मागितलं होतं, ते नाकारलं गेलं होतं. रिपोर्टात म्हशीच्या जुन्या कर्जापुढं इंग्रजीत दोन शब्द होते, ‘रिटन ऑफ’.

“मॅडम, माफ झालेलं कर्ज परत कसं काय मागायलेत हे?”

झालं होतं असं. म्हैस दगावली, हप्ते थकले. तरी ताईंनी थोडं थोडं करून थकबाकी भरण्यापुरते पैसे बाजूला टाकले होते. तेवढ्यात हा कागद हातात आला. घरात दहावीला असलेला मुलगा. त्यानं वाचून अर्थ लावला. रिटन म्हणजे लिहिलेलं, ऑफ म्हणजे बंद. लिहिलेलं बंद केलं, म्हणजे कर्ज खोडलं! बाजूला टाकलेले पैसे शिलाई मशीनला गेले.

पोराला मी चूक म्हणणार नाही. दोन्ही शब्दांचे अर्थ त्यानं बरोबरच सांगितले. पण इंग्रजीत हे दोन शब्द एकत्र आले की तिसराच अर्थ तयार होतो, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर कॉलेज होईपर्यंत मलाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून यावेळी अंकात गटाच्या हिशेबाऐवजी थोडं इंग्रजीचं बोलू. परीक्षेचं इंग्रजी नव्हे. मोबाईलवर, बँकेच्या कागदावर, पीक विम्याच्या अर्जावर येतं ते.

आधी ‘राइट ऑफ’ काय ते पूर्ण सांगते. बँकेच्या वहीत तुमचं कर्ज हे बँकेचं येणं म्हणून लिहिलेलं असतं. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की ते खातं एनपीए होतं (पीककर्जाचं मोजमाप वेगळं, ते हंगामावर चालतं). पुढं बराच काळ वसुली झाली नाही, की बँक ते येणं आपल्या ताळेबंदातून काढते आणि तेवढा तोटा झाला असं मानते. हे बँकेनं स्वतःच्या वहीत केलेलं काम आहे. तुमचं देणं जागच्या जागी राहतं. नोटीस येऊ शकते, लोकअदालतीत बोलावणं येऊ शकतं, आणि सिबिलवर तो शिक्का राहतो. माफीला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘वेव्हर’. २००८ साली केंद्र सरकारनं शेतकऱ्यांची कर्जं माफ केली. आपल्या राज्यात २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, २०१९ ला महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली. त्यात तुमच्या वाटचे पैसे सरकारनं बँकेला भरले, म्हणून देणं मिटलं. ‘राइट ऑफ’मध्ये कुणीच काही भरलेलं नसतं. मराठी पेपरात याला ‘कर्ज निर्लेखित केले’ असं छापतात. तो शब्द वाचून कुणाला काही कळत असेल असं मला वाटत नाही.

आता प्रश्न असा की साध्या ‘ऑफ’नं एवढी उलथापालथ कशी होते? तर बघा, आपल्या बोलीतही हेच चालतं, फक्त आपलं तिकडं लक्ष जात नाही. ‘लिहिणं’ हा साधा शब्द घ्या. लिहून ठेव म्हटलं की विसरू नको म्हणून टिपून ठेवणं. लिहून काढ म्हणजे सगळं उतरवणं. लिहून टाक म्हणजे एकदाचं उरकणं. आणि लिहून दे, लिहून घे? दोन्हीत लिहिणं एकच, पण ‘जमीन लिहून दिली’ म्हणजे गेली आणि ‘जमीन लिहून घेतली’ म्हणजे आली. आपल्या भागातल्या किती घरांची गोष्ट या एका ‘दे’ आणि ‘घे’च्या फरकात आहे, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ‘दे’चा मूळ अर्थ माहीत असला म्हणून परक्या माणसाला ‘लिहून दे’ कळेलच असं नाही. तसंच इंग्रजीचं. आपण क्रियापदाच्या मागं दुसरं क्रियापद लावतो. इंग्रजीवाले मागं एक बारका शब्द लावतात. इन, आउट, अप, डाऊन, ऑन, ऑफ, बॅक. हे शब्द व्याकरणात क्रियाविशेषणाच्या घरातले. त्यांची क्रियापदाशी जोडी जमली की तिला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. नाव पाठ नाही झालं तरी चालेल.

संस्कृतातून आलेल्या शब्दांत हीच गंमत पुढच्या बाजूनं होते. आहार, विहार, प्रहार, संहार. शेवटचं ‘हार’ तेच, पुढचं अक्षर बदललं की जेवणाचं फिरणं होतं आणि फिरण्याचा घाव होतो. इंग्रजीत ते अक्षर मागं गेलंय आणि सुटं उभं राहिलंय. सुटं असल्यामुळंच फसगत होते, कारण आपण ते वेगळं वाचतो.

या बारक्या शब्दांतले बरेच तुम्ही रोज वापरता. मोटर ऑन केली, ऑफ केली. दवाखान्यात चेकअप केलं. लॉकडाऊन तर २०२० मध्ये लेकराबाळांनाही पाठ झालं. आणि टोमॅटो न्यायला येतो तो पिकअप! पिक म्हणजे उचलणं, वेचणं. अप लागला की जागेवर जाऊन उचलून घेणं. फोन उचलण्यालाही पिक अप, माणसाला स्टँडवरून घेऊन येण्यालाही पिक अप, आणि माल उचलून नेतो म्हणून गाडीचंच नाव पिकअप पडलं.

‘स्टँड’ तुम्हाला एसटी स्टँडवरून माहीत आहे, म्हणजे उभं राहायची जागा. ‘स्टँड अप’ म्हणजे बसलेलं उठून उभं राहणं. २०१६ साली केंद्र सरकारनं ‘स्टँड अप इंडिया’ नावाची योजना काढली, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांसाठी आणि महिलांसाठी, नवीन उद्योगाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज. त्याच वर्षी ‘स्टार्ट अप इंडिया’पण आली. नावं इतकी सारखी की माझ्यासमोर लोकांनी एकीचं दुसरीला म्हणून सांगितलंय. स्टार्ट अप म्हणजे नव्यानं सुरू करणं. एक शब्द उभं राहण्याचा, दुसरा सुरू करण्याचा, ‘अप’ दोघांत.

‘अप’चा शाळेतला अर्थ वर. पण त्याचं खरं काम बऱ्याचदा ‘पूर्ण, शेवटपर्यंत’ असं असतं, आपल्या ‘टाक’सारखं. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक, ताटात ठेवू नको. यूज म्हणजे वापर, यूज अप म्हणजे वापरून संपवलं. डेटा ‘यूज्ड अप’ असा मेसेज आला तर वर काही गेलेलं नाही, संपलंय. टॉप अप कर्जातला ‘अप’ मात्र भर घालणारा. चालू कर्जावर वाढीव कर्ज. ‘टॉप अप पाहिजे का’ असा फोन आला तर कुणी तुमच्या हप्त्यात सूट देत नाहीये, देणं वाढवायचं विचारतायत. घ्या किंवा नका घेऊ, पण कळून घ्या.

मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त घोळ ‘साइन अप’ आणि ‘साइन इन’चा होतो. साइन म्हणजे सही. साइन अप म्हणजे पहिल्यांदा नाव नोंदवणं, नवीन खातं उघडणं. साइन इन म्हणजे आधी नोंदवलेल्या नावानं आत जाणं. गटाच्या सभासद होताना अर्ज भरला ते साइन अप, आणि दर मिटिंगला रजिस्टरवर सही करून बसता ते साइन इन. आपल्या कितीतरी ताया दरवेळी साइन अप दाबतात, मग ‘हा नंबर आधीच नोंदवलेला आहे’ असं येतं आणि ‘माझं खातं कुणीतरी उघडलं’ म्हणून जीव घाबरा होतो. कुणी नाही उघडलेलं. तुम्हीच मागच्या वेळी उघडलंय. इन दाबा.

लॉग इन आणि साइन इन एकच. यातल्या ‘लॉग’ची गोष्ट मला फार आवडते. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडायचे, दोरी किती सुटली त्यावरून वेग काढायचे आणि एका वहीत लिहायचे. त्या वहीला लॉगबुक नाव पडलं. मग कुठलीही नोंदवही म्हणजे लॉग. नोंद करून आत जाणं लॉग इन, नोंद करून बाहेर पडणं लॉग आउट. समुद्रातला ओंडका तेरणा काठी येऊन आपल्या मोबाईलमध्ये बसलाय.

लॉग आउट विसरू नका, हे मी प्रत्येक मिटिंगला सांगते. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडलं, काम झालं, तुम्ही उठून आलात, पण खातं आतच उघडं राहिलं तर पुढं बसणारा तुमच्या नावानं आत आहे. घरातून बाहेर पडताना कडी लावता ना, तसं. स्क्रीनवर नुसती फुली मारणं म्हणजे दार ओढून घेणं. कडी लागते ती लॉग आउटनं.

‘आउट’चा दुसरा एक वापर आपल्या जिल्ह्यात पैशाशी बांधलेला आहे, तो म्हणजे ‘ऑप्ट आउट’. ऑप्ट म्हणजे निवडणं. ऑप्ट इन म्हणजे मी येते असं सांगणं. ऑप्ट आउट म्हणजे मला यात धरू नका असं सांगणं. या दोन्हींत काहीच न बोलणाऱ्याचं काय होतं, तिथं खरी गोम आहे. जिथं ऑप्ट इन लागतं तिथं गप्प बसलेली बाई बाहेर राहते. जिथं ऑप्ट आउट लागतं तिथं गप्प बसलेली बाई आत धरली जाते.

पंतप्रधान पीक विमा योजना २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाली. पण ज्या शेतकऱ्यानं पीककर्ज घेतलंय त्याच्यासाठी नियम ऑप्ट आउटचा आहे. विमा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यायचं. दिलं नाही तर बँक हप्ता कापून विमा उतरवते. ज्याच्यावर कर्ज नाही त्याला मात्र स्वतः जाऊन अर्ज भरावा लागतो. २०२३ ते २०२५ राज्यात एक रुपयात विमा होता, तोवर कुणी फार चौकशी केली नाही. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला, खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत. आता खात्यातून रक्कम गेली की घरात भांडण होतं, ‘तू कुठं सही केलीस’ म्हणून. सही केली नव्हती म्हणूनच गेली! विमा घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. सोयाबीन पाण्यात गेल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय. पण घेतलाय की नाही हे घरातल्या बाईला माहीत पाहिजे, कारण नुकसान झाल्यावर धावपळ तिच्याच अंगावर येते.

त्याच अर्जावर ‘कट ऑफ डेट’ असतं. कट म्हणजे कापणं, ऑफ म्हणजे वेगळं करणं. म्हणजे त्या तारखेला रेघ मारली, पलीकडचे अर्ज घेणार नाहीत. ‘ऑफ’ म्हणजे नुसतं बंद एवढंच डोक्यात ठेवलं तर इथं गाडी अडते. ‘ऑफ’च्या मुळाशी सुटून वेगळं होणं आहे. मोटर ऑफ केली म्हणजे वीज तिच्यापासून तोडली. सेंड ऑफ म्हणजे निरोप, माणूस आपल्यातून निघाला. पे ऑफ म्हणजे कर्ज पूर्ण फेडून अंगावरनं उतरवणं. आणि राइट ऑफ म्हणजे लिहून वहीतून वेगळं काढणं, मात्र बँकेच्या वहीतून. कर्जाच्या कागदावर तुम्हाला ‘पे ऑफ’ पाहिजे, ‘राइट ऑफ’ नको. अर्थात ‘ऑफ’ही कधी कधी उलटं वागतो. अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे बंद पडला नव्हे, वाजला. तिथं मीही हात टेकते. ती जोडी तशीच लक्षात ठेवायची.

‘बॅक’ सोपा आहे, परत. कॉल बॅक, पे बॅक, कॅशबॅक. पण कॅशबॅकच्या नावानं फसवणूक होते म्हणून एवढंच सांगते. पैसे तुमच्याकडे येताना पिन लागत नाही. ‘बॅक’ म्हणून पिन मागितला की समजा पैसे निघालेत आउट.

आता बोलायचं इंग्रजी. मुंबईच्या सरस प्रदर्शनात किंवा पुण्याला स्टॉल लावणाऱ्या तायांनी विचारलं होतं, म्हणून. आपण म्हणतो ‘हळू बोला’. हळू आधी, बोला नंतर. इंग्रजीत बहुतेक वेळा उलटं, क्रियापद आधी. ‘स्पीक स्लोली’. गिऱ्हाईक भराभरा इंग्रजी बोलायला लागलं तर ‘प्लीज स्पीक स्लोली’ म्हणायला लाजू नका. हे तीन शब्द आले की अर्धी भीती जाते. ‘ली’ लागला की बहुतेक शब्द ‘कसं’ ते सांगायला लागतात. स्लो म्हणजे हळू चालणारा, स्लोली म्हणजे हळूहळू. एक शब्द मात्र दगा देतो. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करते. त्याला ‘ली’ लावून ‘आय हार्डली वर्क’ म्हटलं तर अर्थ होतो, मी जेमतेमच काम करते! पहाटे चारला उठून शंभर भाकरी थापणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल असं सांगावं, हे बरं नाही.

मुलींना शाळेत चुकणारी आणखी एक गोष्ट. मोटर बंद कर हे ‘स्विच ऑफ द मोटर’ असंही म्हणता येतं आणि ‘स्विच द मोटर ऑफ’ असंही. पण मोटरचं नाव न घेता ‘ती बंद कर’ म्हणायचं असेल तर ‘स्विच इट ऑफ’ एवढं एकच बरोबर. ‘इट’ मधेच बसायला पाहिजे, ‘स्विच ऑफ इट’ होत नाही. आपणही जोर द्यायचा तर ‘टाकूनच दे’ म्हणतो ना, मधे ‘च’ घुसवून? जोडीच्या मधे बारक्या शब्दाला जागा असते, तसं समजा. सगळ्याच जोड्या अशा फाकत नाहीत, पण ऑन-ऑफ, फिल इन, पिक अप यांना हे चालतं.

एक सवय लावून घ्या. मेसेज कळला नाही तर मोबाईलच्या भाषांतरात एकेक शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. एकेक टाकलं तर त्या दहावीतल्या पोरासारखं होतं, प्रत्येक शब्द बरोबर आणि वाक्य चूक. पैशाचा किंवा सहीचा मामला असेल तर भाषांतरावरही थांबू नका. बँक सखीला दाखवा, सीआरपी ताईला दाखवा, मला दाखवा. आणि सिबिलचा पूर्ण रिपोर्ट प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर आधी विचारा की कशाचे.

त्या कळंबच्या ताईंचं सांगायचं राहिलं. आम्ही दोघी बँकेत गेलो. नेमकं किती भरायचं ते लेखी मागितलं. एकरकमी तडजोड करून रक्कम कमी करता येईल असं तिथं सांगितलं, पण तसं केलं तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शब्द येतो, म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही असंच पुढची बँक वाचते. ताईंनी थोडा वेळ विचार केला आणि पूर्ण भरते म्हणाल्या. मधल्या काळात गटातल्या दोघींना भीती होती की हिच्यामुळं आपल्या गटाचं कर्ज अडेल. तसं होत नाही. गट स्वतः थकबाकीदार नसेल तर एका सभासदाच्या थकबाकीमुळं सहसा गटाचं कर्ज अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. फक्त बँकेनं गटाला दिलेल्या कर्जातून त्या सभासदाला पैसे देता येत नाहीत. म्हणून गटानं ठराव करून स्वतःच्या बचतीतून तिला अंतर्गत कर्ज दिलं, आणि ती थकबाकी तीन टप्प्यांत भरते आहे. दोन टप्पे झाले. तिसरा भरल्यावर बँकेतून ‘नो ड्यूज’चा दाखला घ्यायचा आणि रिपोर्टमध्ये दुरुस्ती होऊन आली का ते बघायचं. शिलाई मशीन दरम्यान चालू आहे, गावातल्या शाळेच्या गणवेशाचे काही जोड तिनंच शिवले. मुलगा आता अकरावीला गेलाय, आणि घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद आधी मला व्हॉट्सॲपवर पाठवतो.